ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी: एका निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिकेचा शेरा

दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलंय, ‘हृदयक्रिया बंद पडणे’. हृदयक्रिया चालू ठेवून आजवर कोण गेलंय, असं मला तिथल्या तिथे विचारायचं होतं, पण वहिनीने दंडाला धरून बाहेर आणलं. नऊ वर्षं प्रोस्टेटचा कर्करोग, त्यातली शेवटची दीड वर्षं तो मणक्यांत आणि खुब्याच्या हाडात उतरलेला, ठरल्या तारखांना इंजेक्शनं, आणि त्या कागदावर प्रोस्टेट हा शब्द औषधालाही नाही.

मी ३४ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. ‘आकडा हातात आला की आधी विचारा, हा मोजला कुणी?’ हे वाक्य वर्गात इतक्यांदा म्हटलं की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणायची. दादा गेल्यावर दोन महिन्यांनी पुतण्याने एक दुवा पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, तुझ्या कामाचं आहे.’ ती होती ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी. तीन आठवडे रोज संध्याकाळी मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. आता शेरा लिहायला हरकत नाही.

ही सेवा चालवते जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था. स्थापना १९६५ची, मुक्काम फ्रान्समधल्या लिआँ शहरात. बघायला पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. आत वेगवेगळी दालनं आहेत. ‘कॅन्सर टुडे’मध्ये १८५ देशांचे आणि ३६ प्रकारच्या कर्करोगांचे २०२२ सालचे अंदाज, ‘कॅन्सर ओव्हर टाइम’मध्ये वर्षांनुसार चढउतार, ‘कॅन्सर टुमॉरो’मध्ये पुढची भाकितं. मी प्रोस्टेटपुरतंच बघितलं, त्यामुळे शेराही तेवढ्यापुरताच.

पहिल्या संध्याकाळी मोठे आकडे उतरवून घेतले. २०२२ मध्ये जगात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६७ हजार नवे रुग्ण, आणि सुमारे ३ लाख ९७ हजार मृत्यू. पुरुषांमध्ये आढळण्याच्या यादीत दुसरा, मृत्यूंच्या यादीत पाचवा. आणि तरीही ५२ देशांत पुरुषांच्या कर्करोगमृत्यूंत हाच पहिला. जगात पाचवा असलेला आजार ५२ देशांत पहिला कसा येतो? त्यासाठी नकाशा उघडावा लागतो, आणि नकाशा हेच या सेवेचं खरं बळ आहे.

एका खिडकीत नव्या रुग्णांच्या दराचा नकाशा उघडा, दुसऱ्या खिडकीत मृत्युदराचा, आणि आळीपाळीने बघत राहा. पहिल्यात उत्तर युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, उत्तर अमेरिका गडद दिसतात. दुसऱ्यात तोच गडद रंग कॅरिबियन बेटांवर आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेवर सरकतो. २०२०च्या अंदाजांत उत्तर युरोपात दर लाख पुरुषांमागे ८३च्या घरात नवे रुग्ण होते आणि मृत्यू १३च्या आसपास. कॅरिबियनमध्ये मृत्यू २८च्या आसपास, तर दक्षिण-मध्य आशियात ३च्या आसपास. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण नऊपट. आणि मध्य आफ्रिकेत नव्या रुग्णांचा दर उत्तर युरोपाच्या निम्म्याहून कमी असताना मृत्युदर मात्र त्याच्या जवळपास दुप्पट.

पहिल्या नकाशाचा गडद रंग आजाराचा किती आणि शोधाशोधीचा किती, हे समजून घ्यायला मला चार दिवस लागले. पीएसए ही प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका दाखवणारी रक्ताची साधी चाचणी आहे. ती जिथे सर्रास होते तिथे खूप गाठी सापडतात, आणि त्यातल्या कितीतरी अशा असतात की माणूस दुसऱ्याच कशाने जाईपर्यंत त्या गप्प बसून राहिल्या असत्या. इतर कारणांनी गेलेल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या शवविच्छेदनांत अशा गप्प गाठी फार जुन्या काळापासून सापडत आल्या आहेत. त्यामुळे नव्या रुग्णांचा नकाशा हा बराचसा ‘कुणाकुणाला तपासलं’ याचा नकाशा आहे. मृत्यूचा नकाशा जास्त सरळ, कारण मरण शोधायला चाचणी लागत नाही. असं वहीत लिहिलं, आणि लिहिता लिहिता दाखला आठवून पेन खाली ठेवलं. त्याबद्दल पुढे.

आफ्रिका आणि कॅरिबियन एकत्र का गडद? याचं एक उत्तर रक्तात आहे. कॅरिबियनमधल्या अनेकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. अमेरिकेत काळ्या पुरुषांचा प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. ब्रिटनमध्ये आयुष्यभरात आठातल्या एका पुरुषाला हा आजार होतो, काळ्या पुरुषांत चारातल्या एकाला. आठव्या गुणसूत्रावर धोका वाढवणारे काही जनुकीय फरक २००६ पासून माहीत आहेत आणि आफ्रिकी वंशात ते जास्त आढळतात. पण सगळं रक्तावर ढकलता येत नाही. जपानमधून हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या कुटुंबांत हा आजार मूळच्या जपानपेक्षा जास्त दिसला, हे संशोधकांनी कधीच नोंदवून ठेवलंय. रक्त तेच, फक्त बेट बदललं. आणि निदान उशिरा होणं, किरणोपचाराचं यंत्र शेकडो मैलांवर असणं, हार्मोनचं इंजेक्शन न परवडणं या गोष्टी जनुकांत नसतात.

इथे या सेवेची एक बारीक गोष्ट आवडली. ग्वादलूप आणि मार्टिनिक ही बेटं कारभाराने फ्रान्सचा भाग आहेत, पण इथे त्यांची ओळ वेगळी ठेवलीय. फ्रान्सच्या सरासरीत ती बुडून गेली असती. तिथल्या केळीच्या बागांमध्ये क्लोरडेकोन नावाचं कीटकनाशक १९९३पर्यंत वापरात होतं, ते मातीत अजून आहे. ग्वादलूपमधल्या पुरुषांवर केलेल्या आणि २०१०मध्ये आलेल्या एका अभ्यासात रक्तातलं क्लोरडेकोन आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांचा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. तरी ती ओळ वेगळी असणं मला महत्त्वाचं वाटतं.

युरोपच्या आतही फरक आहेतच. स्वीडन, नॉर्वे, एस्टोनिया यांचे मृत्युदर इटली आणि स्पेनच्या बरेच वर. स्वीडनमध्ये डॉक्टर कमी आहेत असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा ‘श्रीमंत देश म्हणजे कमी मृत्यू’ हे सोपं गणित करायला बसलेल्याला हा नकाशा लगेच चूक काढून दाखवतो, आणि माझ्या मते हा त्याचा मोठा गुण.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक लोक घसरतील ती. ‘वयप्रमाणित दर’.

म्हाताऱ्यांचा देश आणि तरुणांचा देश यांची तुलना करायची तर दोघांना एकाच वयोरचनेचे कपडे घालावे लागतात. इथे वापरलेली ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ सेगी यांनी १९६०मध्ये मांडलेली आणि १९६६मध्ये डॉल आणि सहकाऱ्यांनी सुधारलेली आहे. तिच्यात एक लाख माणसांपैकी ७५ वर्षांवरची फक्त २,०००. म्हणजे दोन टक्के. प्रोस्टेटचा कर्करोग मारतो तो मुख्यतः याच वयात, आणि त्यालाच इथे सगळ्यात कमी वजन. दादा ७९चा होता. ७५ ते ७९ या गटाला त्या लाखात १,००० जागा.

यात लबाडी नाही, तुलनेसाठी असं करावंच लागतं. पण परिणाम बघा. अमेरिका स्वतःचे आकडे स्वतःच्या २००० सालच्या लोकसंख्येवर बेतते, तेव्हा अलीकडचा मृत्युदर दर लाखामागे १९च्या आसपास येतो. तेच मृत्यू या जागतिक मापाने मोजले की आठाच्या आसपास. माणसं तीच, वर्षं तीच. एका बातमीतला १९ आणि इथला ८ शेजारी ठेवून ‘मृत्यू निम्म्याहून घटले’ असं कुणी म्हणालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. वयप्रमाणित दराच्या शेजारीच कच्चा दर, म्हणजे वयोरचनेचे कपडे न घालता काढलेला, आणि मृत्यूंची नुसती संख्याही बघता येते. तिन्ही बघा. एकावर विसंबू नका.

एक चूक मीही केली, सांगून टाकते. २०१८, २०२० आणि २०२२ या तीन आवृत्त्यांतले आकडे मी वहीत शेजारी शेजारी मांडले आणि रेघ ओढली. छान उतरती रेघ आली. मग माहितीच्या पानावर वाचलं की आवृत्त्यांची अशी तुलना करू नये, कारण दर वेळी मोजणीची पद्धत आणि आकड्यांचा आधार बदलतो. विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी लाल पेनाने गुण कापले असते. कालानुसार बदल बघायचा तर ‘कॅन्सर ओव्हर टाइम’मध्येच जायचं, तिथे प्रत्यक्ष नोंदींची वर्षानुवर्षांची मालिका आहे.

त्या दालनात मी सगळ्यात जास्त रमले. अमेरिकेच्या नव्या रुग्णांची रेघ १९९२च्या सुमारास सुईसारखी वर जाते आणि तशीच खाली येते. पीएसए चाचणी १९८६मध्ये आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मंजूर झाली होती, पण लवकरच निरोगी पुरुषांतही धडाधड होऊ लागली; शोधासाठीची रीतसर मंजुरी १९९४मध्ये आली. ती सुई म्हणजे आधीपासून न सापडता साठून राहिलेले रुग्ण एकदम बाहेर पडणं. मृत्यूच्या रेघेत सुई नाही. ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला माथ्यावर पोचते आणि मग वीस-बावीस वर्षं उतरत जाते, निम्म्यापर्यंत. लिथुएनियाने २००६मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू केला, तिथे नव्या रुग्णांची रेघ भिंतीसारखी चढते. आजार एका वर्षात असा वाढत नसतो.

मग अमेरिकेची मृत्यूची रेघ उतरली ती चाचणीमुळे की उपचारांमुळे? इथे लोक हातघाईवर येतात. ब्रिटनमध्ये चाचणी फार कमी होत असतानाही मृत्युदर त्याच दशकात उतरू लागला, पण अमेरिकेपेक्षा बराच संथ. म्हणजे हार्मोनचे उपचार, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचं श्रेय आहे, आणि चाचणीचंही काही आहे. किती, ते सगळ्यात चांगलं युरोपातल्या मोठ्या चाचणीप्रयोगातून कळतं. २००९च्या पहिल्या निष्कर्षांत तपासणीला बोलावलेल्या गटात, न बोलावलेल्या गटापेक्षा, या आजाराचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी दिसले होते. २०२५मध्ये २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर आकडा १३ टक्के आला: तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. तो एक कोण हे कुणालाच कळत नाही, आणि विनाकारण उपचार झालेले कोण हेही नाही.

अमेरिकेच्या रेघेचं शेपूट नीट बघा. २०१२मध्ये तिथल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने सरसकट पीएसए करू नका असा सल्ला दिला. २०१८मध्ये तो मऊ केला: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा. दरम्यान पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रुग्ण वाढले, आणि पूर्वी वर्षाला तीन-चार टक्क्यांनी उतरणारा मृत्युदर आता वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या जरा वर एवढाच उतरतोय. उतारावरची गाडी सपाटीला लागावी तसं.

एक इशारा. उतरता दर म्हणजे कमी माणसं मरतायत असं नव्हे. पुरुष जास्त जगतायत, म्हणून दर उतरूनही संख्या वाढू शकते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या प्रोस्टेट कर्करोग आयोगाने २०२४मध्ये अंदाज दिला: २०२०मधले १४ लाख नवे रुग्ण २०४०पर्यंत २९ लाख होतील, आणि मृत्यू ८५ टक्क्यांनी वाढून जवळपास ७ लाखांवर जातील. त्यातली मोठी वाढ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे नेमकं जिथे मोजणारे कमी तिथेच.

आणि त्यावरून दाखल्याकडे.

‘कॅन्सर टुडे’मधला प्रत्येक देशाचा मृत्यूचा आकडा एकाच प्रकारे आलेला नाही. जिथे मृत्यूंची आणि कारणांची नोंद चोख आहे तिथे त्या नोंदींवरून. जिथे नाही, तिथे कर्करोग नोंदणी केंद्रांकडे आलेले नवे रुग्ण आणि ते किती काळ जगतात याचं गणित मांडून मृत्यूंचा अंदाज काढतात. तेही नसेल तर शेजारच्या देशांच्या सरासरीवरून. कोणत्या देशाचा आकडा कोणत्या पद्धतीचा, हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं आहे. नकाशावर मात्र मोजलेला देश आणि अंदाजाने रंगवलेला देश एकाच रंगात दिसतात. मी असते तर अंदाजाच्या देशांवर तिरप्या रेघा मारल्या असत्या. आम्ही आलेखाच्या वहीत मारायचो तशा.

यावरून मी दादाचा हिशेब मांडला. त्याच्या बायॉप्सीचा अहवाल नोंदणी केंद्रात गेला असेल, तर नव्या रुग्णांत तो आहे. दाखल्यावरून मोजलं तर मृत्यूंत तो नाही. तो हृदयविकाराच्या रकान्यात जाऊन बसलाय, जिथे त्याचं काही काम नव्हतं. पण गणिताने अंदाज काढला असेल तर त्याच्यासारख्यांचा हिस्सा आपोआप धरला गेला, दाखला काहीही म्हणो. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं की प्रत्यक्ष मोजणी ही अंदाजापेक्षा वरचढ. दादाच्या बाबतीत अंदाज जास्त खरा निघावा, हे पचायला वेळ लागला. हे वहिनीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, ‘तुमचं गणित तुम्हालाच लखलाभ, मला त्या कागदावर खरं लिहून हवंय.’ तिचंही बरोबर आहे.

बाकी थोडक्यात. आलेख आणि तक्ते उतरवून घेता येतात, हे उत्तम. सगळं इंग्रजीत, आणि पाटीवरचे शब्द जड. बारावीचं गणित विसरलेल्या माणसाला सोबत कुणीतरी लागेल. फोनवर बघू नका, नकाशातली लहान बेटं बोटाखाली हरवतात. एका देशाच्या आतले प्रांताप्रांतांचे फरक हवे असतील तर त्या त्या देशाच्या नोंदणीकडेच जावं लागेल. गुण द्यायचे तर १००पैकी ८२. कापलेले अठरा बहुतेक त्या न मारलेल्या तिरप्या रेघांचे.

दुवा पाठवणाऱ्या पुतण्याबद्दल सांगायचं राहिलं. तो ४९चा आहे. परवा त्याने फोन केला, आवाजात हुश्श होतं. ‘आत्या, बघितलं मी. संचित धोका असा एक रकाना आहे, जगाच्या ओळीत मृत्यूचा धोका एक टक्क्याच्याही आत आहे.’ तेव्हा कुठे मला कळलं की दुवा माझ्या कामासाठी नव्हता. मी त्याला विचारलं, त्या रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाच. त्याने वाचलं: वय ० ते ७४.

‘बाबा ७९ला गेले,’ तो म्हणाला.

‘हो. आणि तो रकाना सगळ्या पुरुषांचा आहे. ज्याच्या बापाला होता त्याचा धोका साधारण दुप्पट धरतात.’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, डॉक्टरांची वेळ घेतो, तू येशील का सोबत? शुक्रवारी सकाळी जायचं आहे. वही घेऊन जाणार आहे.